इराणच्या प्राचीन राजांचे खजिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इराणी बादशहांच्या खजिन्यांबद्दल वाचायला लागले की वाऱ्याने आणलेली जहाजे, रत्नांचा गालिचा, ग्रहताऱ्यांचे सिंहासन आणि खरे हिशेबाचे आकडे एकाच ओळीत भेटतात. खरे काय आणि रचलेले काय, हे वेगळे करणे अवघड वाटते, पण बऱ्याच प्रमाणात ते जमते. रचलेला भाग टाकून द्यावा असेही मला वाटत नाही, कारण त्या कथांच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादी लढाई, एखादा कर किंवा एखादा व्यापारी माल असतो. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

हे नेमके कोणते राजे?

तीन वेगळे गट आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की सगळा गोंधळ होतो. पहिला गट हखामनी घराण्याचा: कुरुश, दरायस, झर्क्सिस. इ.स.पू. ५५० च्या सुमारास सुरू झालेले हे साम्राज्य सिकंदराने इ.स.पू. ३३० मध्ये संपवले. दुसरा गट सासानी घराण्याचा, इ.स. २२४ ते ६५१. नौशेरवान आणि खुस्रो परवीझ हे याच घराण्यातले. तिसरा गट फिर्दौसी या कवीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यातल्या जमशीद, फरीदून, कैखुस्रो अशा पुराणकालीन राजांचा. त्यांचा काळ ठरवता येत नाही आणि त्यांचे खजिने काव्यातच शोधायचे असतात.

मधल्या पार्थियन राजांनी पावणेपाचशे वर्षे राज्य केले, पण खजिन्यांच्या कथांमध्ये त्यांना जवळजवळ जागाच नाही.

सगळ्या कथा खुस्रो परवीझभोवतीच का फिरतात?

कारण त्याच्या आयुष्याची चढउतार विलक्षण होती. इ.स. ५९० मध्ये तो गादीवर आला आणि लगेच सेनापती बहराम चोबीनच्या बंडामुळे त्याला रोमन सरहद्दीकडे पळावे लागले. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट मॉरिस याच्या फौजेच्या मदतीने ५९१ मध्ये तो परत आला. ६०२ मध्ये मॉरिसचा खून झाला, तेव्हा त्याचा सूड घेण्याच्या निमित्ताने खुस्रोने युद्ध पुकारले. ६१४ मध्ये जेरुसलेम पडले, पुढे इजिप्त हाती आले आणि येशूचा पवित्र क्रूस इराणी राजधानीत पोहोचला. हजार वर्षांपूर्वीच्या हखामनी साम्राज्याची हद्द जवळपास पुन्हा गाठली गेली होती. आणि मग ६२८ च्या फेब्रुवारीत त्याच्याच सरदारांनी त्याला पदच्युत केले, मुलगा शेरोए गादीवर बसला आणि काही दिवसांत बापाचा वध झाला.

त्यानंतर जेमतेम दहा वर्षांत राजधानी अरबांच्या हाती गेली. म्हणजे सासानी वैभवाचा शेवटचा मोठा धनी हाच. लोकांच्या आठवणीत त्याच्या आधीच्या चार शतकांची श्रीमंतीसुद्धा त्याच्याच नावावर जमा झाली.

शाहनाम्यातले सात खजिने कोणते?

खुस्रो परवीझच्या वैभवाचे वर्णन करताना फिर्दौसी त्याच्या खजिन्यांची यादी देतो. पहिला गंज-ए-अरूस, म्हणजे नववधूचा खजिना. चीनसारख्या दूरदूरच्या देशांकडून आलेल्या संपत्तीने तो भरला होता. मग गंज-ए-बादावर्द, वाऱ्याने आणलेला. दीबा-ए-खुस्रवी हा जरतारी रेशमाचा. गंज-ए-अफ्रासियाब हा इराणच्या पुराणातल्या तुराणी शत्रूच्या नावाचा. त्यानंतर गंज-ए-सूख्ते, म्हणजे जळालेला; गंज-ए-खझरा, म्हणजे हिरवा; आणि शेवटी शादवर्द.

यांतल्या काही खजिन्यांना कथा आहे, काहींना फक्त नाव. मला यात सर्वांत मौल्यवान वाटते ती एक वेगळीच गोष्ट: खुस्रोच्या दरबारातला गायक बारबद याच्या नावावर ज्या तीस धुनी सांगितल्या जातात, त्यांत गंज-ए-बादावर्द, गंज-ए-सूख्ते आणि तख्त-ए-ताकदीस या नावांच्या धुनी आहेत. खजिन्यावर गाणे बांधले जायचे आणि ते दरबारात गायले जायचे. सोने वाटून, वितळवून संपले. नावे टिकली त्यात या गाण्यांचा वाटा मोठा असला पाहिजे.

वाऱ्याने खजिना आणला, हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि कथेत चमत्कारही फारसा नाही. इराणी फौजांनी रोमन प्रदेश घेरलेला असताना रोमनांनी सोने-रत्ने जहाजांवर लादून सुरक्षित जागी पाठवायचा प्रयत्न केला. वारा उलटा फिरला आणि ती जहाजे इराणी सेनापतीच्या ताब्यात असलेल्या किनाऱ्याला लागली. काही लेखक हे अलेक्झांड्रियाच्या वेढ्याच्या वेळी घडले असे सांगतात, काही कॉन्स्टँटिनोपलचे नाव घेतात. भूमध्य समुद्रात शिडाच्या जहाजांचे असे व्हायचे, आणि वेढा पडलेल्या शहरातून संपत्ती समुद्रमार्गे हलवणे ही नेहमीची रीत होती. आत किती माल होता याचे आकडे मात्र कवींच्या हवाली करावेत.

आणि बैलाच्या खजिन्याची गोष्ट?

हिची दोन रूपे आहेत. अकराव्या शतकातला लेखक सआलिबी ती खुस्रो परवीझच्या काळात घडवतो: शेतकरी बैलांनी नांगरत असताना फाळ अडकतो आणि जमिनीखाली नाण्यांनी भरलेले भांडे सापडते. शाहनाम्यात ती आधीचा सासानी राजा बहराम गोर याच्या नावावर आहे आणि तिथे ती जास्त भव्य होते. जमिनीखालच्या दालनात सोन्याच्या म्हशी, सोन्याची गव्हाण आणि गव्हाणीत रत्ने, असा तो जमशीदचा ठेवा. बहराम गोर तो आपल्या खजिन्यात घेत नाही. दुसऱ्याच्या कष्टाचे धन मला नको, म्हणून तो गोरगरिबांत वाटून टाकायला सांगतो.

शाहनामा वाचताना या प्रसंगावर थांबावे. फिर्दौसी खुस्रोच्या खजिन्यांची यादी मोठ्या थाटात देतो, पण त्याच काव्यात आदर्श राजा कसा वागतो हेही त्याने आधीच दाखवून ठेवले आहे.

तख्त-ए-ताकदीस हे सिंहासन खरोखर होते का?

शाहनाम्यात त्याचा इतिहास फरीदूनपासून सुरू होतो. दमावंद पर्वताजवळचा जहन-ए-बर्झीन नावाचा कारागीर ते पहिल्यांदा घडवतो, पुढचे राजे त्यात भर घालतात, सिकंदर ते मोडतो आणि खुस्रो परवीझ पुन्हा उभे करतो. ११२० उस्ताद, प्रत्येकाच्या हाताखाली ३० शागीर्द आणि दोन वर्षांचे काम, असा हिशेब दिला आहे. बसायचे तीन टप्पे होते. सर्वांत खालच्या टप्प्यावर मेंढ्याच्या शिरांची नक्षी होती आणि तिथे गावोगावचे जमीनदार बसत, मधल्यावर स्वार आणि सर्वांत वरच्या पिरोजाच्या टप्प्यावर वजीर.

सआलिबी दुसरे वर्णन देतो: हस्तिदंत आणि सागवान, वर सोन्याचांदीचे पत्रे, डोक्यावर सोने आणि लाजवर्दी निळ्या रंगाचे छत. छतावर तारे, राशी आणि सात खंड. ऋतूप्रमाणे बदलायचे चार जरतारी गालिचे. शिवाय वेळ दाखवणारी यंत्रणा.

हे सगळे मी कवितेत काढले असते, पण तिसरा साक्षीदार शत्रूच्या गोटातला आहे. रोमन सम्राट हेराक्लियसने ६२० च्या दशकात वायव्य इराणवर चढाई केली, त्या मोहिमेबद्दल ग्रीक भाषेतले इतिहासकार लिहितात की तिथे घुमटाखाली खुस्रोची मूर्ती होती, भोवती सूर्य, चंद्र आणि तारे होते, आणि पाऊस पाडणारी व गडगडाट करणारी यंत्रे बसवलेली होती. त्यांना हे देवत्वाचे ढोंग वाटले आणि हेराक्लियसने ते उद्ध्वस्त केले. फारसी काव्य आणि ग्रीक इतिहास यांनी एकमेकांची नक्कल केली असण्याचा संभव कमी आहे. म्हणून फिरत्या आकाशाखालचे एखादे राजासन, किंवा सिंहासन बसवलेली घुमटाची वास्तू, खरोखर होती असे मी मानतो. ११२० उस्तादांचा आकडा तेवढा सोडून द्यावा.

जागा कोणती, यावर तख्त-ए-सुलेमान हे नाव सर्वांत जास्त वेळा घेतले जाते. पश्चिम अझरबैजान प्रांतातले हे ठिकाण म्हणजे आदुर गुश्नस्प या राजघराण्याच्या मानाच्या अग्नीचे मंदिर. मध्यभागी खोल नैसर्गिक तळे आहे आणि २००३ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

‘खुस्रोचा वसंत’ हा गालिचा किती मोठा होता? त्याचे पुढे काय झाले?

इतिहासकार तबरी आकार देतो: ६० हात लांब, ६० हात रुंद. आजच्या मापात साधारण २७ ते ३० मीटर. जमीन सोनेरी, त्यात पायवाटा आणि पाण्याचे पाट, कडेला वसंतातल्या बहरलेल्या शेतांसारखी नक्षी, सोन्याचांदीच्या देठांवर रेशमी पाने आणि फुलाफळांच्या जागी रत्ने. थंडीत बागा उजाड झाल्या की तो अंथरायचा आणि त्यावर बसून मद्यपान करायचे.

६३७ मध्ये अरब सेनापती साद इब्न अबी वक्कासच्या फौजेने सासानी राजधानी तेसिफोन घेतली. लूट वाटली गेली तेव्हा प्रत्येक स्वाराच्या वाट्याला १२,००० दिरहम (चांदीची नाणी) आले असे तबरी म्हणतो. गालिचा मात्र न कापता मदिनेला खलिफा उमर यांच्याकडे पाठवला. ठेवायचा की वाटायचा यावर चर्चा झाली आणि अली यांच्या सल्ल्याने तो कापून वाटला गेला. अलींना मिळालेला तुकडा २०,००० दिरहमांना विकला गेला, आणि तो काही सर्वांत चांगला तुकडा नव्हता.

एक गोष्ट सहसा कोणी पडताळून बघत नाही. हा गालिचा ताक-ए-किस्रा या मोठ्या कमानीखालच्या दरबारात अंथरला जाई असे सर्रास लिहिले जाते. ती कमान आजही बगदादच्या दक्षिणेला सलमान पाक इथे उभी आहे आणि तिची रुंदी साधारण २५ मीटर आहे. ६० हात रुंदीचा गालिचा त्यात सपाट बसत नाही. म्हणजे एक तर ६० चा आकडा ठोकळ आहे, किंवा गालिचा राजवाड्याच्या दुसऱ्या भागात वापरला जात होता. मला पहिली शक्यता अधिक पटते.

तो गाठी मारून विणलेला होता की कापडावर भरतकाम केलेला, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. इतक्या जड रत्नकामासाठी भरतकाम जास्त सोयीचे ठरते.

मुठीत दाबले की आकार बदलणारे सोने आणि आगीत न जळणारा रुमाल, हे काय प्रकरण आहे?

दोन्ही वस्तू खुस्रोच्या नवलाईच्या यादीत येतात. मेणासारखे मऊ सोने ही अतिशयोक्ती आहे. शुद्ध सोने मऊ असते, पण बोटांनी लोळा वळता येईल इतके कधीच नसते. रुमालाची गोष्ट मात्र सरळ खरी असू शकते. मळला की आगीत टाकायचा, मळ जळून जातो आणि कापड स्वच्छ निघते, हे अॅस्बेस्टॉसच्या धाग्याचे अचूक वर्णन आहे. ग्रीक आणि रोमन लोकांनाही असे कापड ठाऊक होते. नवलाच्या यादीत एखादी खरी वस्तू अशी लपलेली सापडते तेव्हा फार आनंद होतो.

एवढा पैसा आला कुठून?

या प्रश्नाचे उत्तर कवितेत नाही, जमाखर्चात आहे, आणि सगळ्या विषयाचा गाभा मला इथेच दिसतो.

पाया घातला खुस्रो परवीझच्या आजोबांनी, म्हणजे नौशेरवानने. त्याच्या काळात जमिनीची मोजणी होऊन दर ठरले. गहू आणि जवाला जरीब या जमिनीच्या मापामागे एक दिरहम, द्राक्षमळ्याला आठ. डोईपट्टी वय २० ते ५० मधल्या पुरुषांवर, ऐपतीप्रमाणे १२, ८, ६ किंवा ४ दिरहम. उमराव, सैनिक, धर्मगुरू आणि दरबारचे लेखनिक यांना माफी. पीक बघून दरवर्षी हिस्सा घेण्याऐवजी ठरलेली रोख रक्कम येऊ लागली, त्यामुळे तिजोरीत किती पडणार हे आधीच कळू लागले. तैग्रिस आणि युफ्रेटिसमधला काळ्या मातीचा, कालव्यांचा मुलूख या महसुलाचा कणा होता.

खुस्रो परवीझच्या अठराव्या वर्षी वसूल मोजला तेव्हा तो ४२ कोटी मिस्काल (एक वजन) भरला, म्हणजे ६० कोटी दिरहम. हा आकडाही तबरीचा. तो मोठा आहे, पण अशक्य नाही. पुढे अरब खलिफांनी याच प्रदेशातून वसूल केलेल्या रकमा पाहिल्या तर तो त्या पंक्तीत बसतो.

दुसरा झरा व्यापाराचा. सहाव्या शतकातला रोमन इतिहासकार प्रोकोपियस तक्रार करतो की हिंदुस्थानी जहाजे लागतात त्या बंदरांवर इराणी व्यापारी आधीच हजर असतात आणि सगळे रेशीम उचलतात, इथिओपियाच्या व्यापाऱ्यांना काही उरत नाही. त्याच शतकातला प्रवासी कॉस्मस ‘कल्लियाना’ या बंदराचा उल्लेख करतो. तिथे इराणात दीक्षा झालेला बिशप होता, आणि तिथून पितळ, लाकूड आणि कापड बाहेर जाई. बहुतेक अभ्यासक हे आपले कल्याण मानतात. कल्याणच्या खाडीतून निघालेले लाकूड आणि कापड इराणी व्यापाऱ्यांच्या हातून जात असावे, हे कोकणच्या इतिहासातही ठळकपणे यायला हवे.

तिसरा झरा युद्धाचा. सीरिया आणि इजिप्तमधली लूट, खंडणी, चर्चमधली चांदी.

मग त्याच पैशाने राज्य का वाचले नाही?

पदच्युत खुस्रोवर मुलाच्या वतीने जे आरोप ठेवले गेले, त्यांत थकबाकीच्या नावाखाली रयतेला पिळून धन साठवल्याचा आरोप होता. खुस्रोचे उत्तर तबरीने सविस्तर दिले आहे. त्याचा आशय असा की देवाच्या खालोखाल राज्य तगते ते धन आणि फौज यांवर. चहूकडे शत्रू असताना तिजोरी रिकामी ठेवणारा राजा मूर्ख ठरतो. बहराम चोबीनच्या बंडानंतर आपल्याला रिता खजिना मिळाला होता.

हा युक्तिवाद मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. पाव शतक चाललेल्या युद्धाला पैसा लागतोच. पण शेतीकडे जायला हवा होता तो पैसा वेळेवर गेला नाही. ६२८ च्या सुमारास तैग्रिस आणि युफ्रेटिसला प्रचंड पूर आले आणि बांध फुटले. खुस्रोने बांधावर पैशांचे ढीग ओतले, एका दिवसात चाळीस बांधकाऱ्यांना सुळावर दिले, तरी पाणी अडले नाही. दक्षिण इराकातली मोठी शेतजमीन कायमची दलदलीखाली गेली. महसुलाचा कणाच मोडला. त्याच वर्षी प्लेगही आला, आणि पुढच्या चार वर्षांत गादीवर एकामागून एक इतके जण बसले की कुणाचाच जम बसला नाही.

हेराक्लियसला दस्तगर्दच्या राजवाड्यात काय सापडले?

डिसेंबर ६२७ मध्ये निनवेजवळ विजय मिळवून तो जानेवारीत दस्तगर्दला पोहोचला. खुस्रो आधीच निघून गेला होता. इतिहासकार थिओफेनिसची यादी वाचताना सोन्याची अपेक्षा असते आणि समोर येतो वखारीतला माल: अगरू, रेशीम, मिरी, साखर, सुंठ, तागाची मोजता न येणारी वस्त्रे, गालिचे, चांदी. रोमन फौजांकडून वेगवेगळ्या लढायांत हिसकावलेले ३०० झेंडे. बागेत शहामृग, हरणे, रानगाढवे, मोर, आणि शिकारीसाठी सिंह व वाघ. जे उचलता येईना ते जाळून टाकले.

मिरी आणि सुंठ राजाच्या तिजोरीत कशाला, असा प्रश्न पडत असेल तर त्या काळचे भाव आठवावेत. मलबारची मिरी ही तेव्हा साठवून ठेवायची संपत्ती होती.

सिकंदराने पर्सेपोलिसमधून किती संपत्ती नेली?

पर्सेपोलिस ही हखामनी राजांची राजधानी. ग्रीक इतिहासकार डायोडोरस आणि रोमन इतिहासकार कर्टियस हे दोघे तिथल्या लुटीसाठी १,२०,००० टॅलेंट हा आकडा देतात. एक टॅलेंट सुमारे २६ किलो धरला तर चांदीच्या हिशेबात ३,००० टनांहून जास्त. यात सोन्याची किंमत चांदीत धरलेली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष वजन यापेक्षा कमी असणार. त्याआधी सुसा या दुसऱ्या राजधानीत ४०,००० टॅलेंट न घडवलेले सोने-चांदी आणि ९,००० टॅलेंट सोन्याची नाणी मिळाली होती. वाहतुकीसाठी डायोडोरस ३,००० उंट आणि खेचरांचे तांडे सांगतो. प्लुटार्क १०,००० खेचरांच्या जोड्या आणि ५,००० उंटांवर जातो.

इतकी धातू साठली कशी, हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितले आहे. दरायसकडे खंडणी आली की ती वितळवून मातीच्या रांजणांत ओतत, थंड झाल्यावर रांजण फोडत आणि गरज पडेल तेवढा तुकडा कापून नाणी पाडत. वीस सुभ्यांची वार्षिक खंडणी तो १४,५६० टॅलेंट धरतो. त्यात हिंद सुभ्याची, म्हणजे सिंधू खोऱ्याची, सोन्याची भुकटी ३६० टॅलेंट, आणि कोणत्याही एका सुभ्यापेक्षा ती जास्त.

नाणी बाजारात थोडी आणि धातू कोठारात फार, अशी ही व्यवस्था होती. सिकंदराने ते कोठार उघडून नाणी पाडली, सैनिकांचे पगार दिले, आणि ती चांदी भूमध्य समुद्रापर्यंत पसरली. सोन्याचा तो प्रसिद्ध द्राक्षवेल, ज्याखाली इराणी राजे बसत असे ग्रीक सांगतात, सुसामध्ये आणखी काही वर्षे टिकला. इ.स.पू. ३१६ मध्ये सिकंदराचा सेनापती अँटिगोनस याने तो उचलला.

काव्यानी झेंडा म्हणजे काय?

शाहनाम्यातला राजा झहाक याच्या जुलमाविरुद्ध उठलेल्या कावे लोहाराचे चामडी आवरण भाल्यावर चढले आणि तोच राष्ट्राचा झेंडा झाला, अशी कथा. प्रत्येक राजा त्यावर रत्ने लावत गेला. कादिसियाच्या लढाईत तो अरबांच्या हाती पडला. ज्याला तो मिळाला त्याने ३०,००० नाणी घेऊन तो दिला, आणि खरी किंमत होती १२ लाख.

जमशीदचा जग दाखवणारा प्याला कुठे आहे?

कुठेच नाही. शाहनाम्यात तो कैखुस्रोचा आहे. नौरोजच्या दिवशी त्यात पाहून तो विहिरीत कैद असलेल्या बीझनचा ठावठिकाणा शोधतो. जमशीदचे नाव त्याला पुढच्या फारसी काव्यात कायमचे चिकटले.

तेहरानच्या बँकेतली राजरत्ने हाच तो प्राचीन ठेवा का?

नाही. इराणच्या मध्यवर्ती बँकेच्या तळघरात असलेला संग्रह सफवी काळापासून पुढचा, आणि त्यातला सर्वांत झगमगीत भाग नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्लीहून नेलेल्या लुटीशी जोडलेला. दर्या-ए-नूर हा हिरा त्यातलाच. सासानी मुकुट तिथे नाही.

अजिंठ्याच्या लेण्यात खुस्रो परवीझचे चित्र आहे, हे खरे?

एकोणिसाव्या शतकात जेम्स फर्ग्युसन यांनी पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातले दरबाराचे चित्र ‘इराणी वकिलात’ म्हणून ओळखले: चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि त्याच्यासमोर खुस्रोचे दूत. आधाराला तबरी होता. खुस्रोच्या ३६ व्या वर्षी हिंदुस्थानच्या एका राजाने त्याला आणि त्याच्या मुलांना पत्रे व भेटी पाठवल्याचे तो लिहितो, आणि त्या राजाचे अरबी लिपीत बिघडलेले नाव पुलकेशीच्या ‘परमेश्वर’ या बिरुदाशी जुळवले गेले.

पत्रव्यवहार खरा असू शकतो. चित्राची ओळख मात्र आता टिकत नाही. हे लेणे वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले, पाचव्या शतकातले मानले जाते, म्हणजे खुस्रोच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचे, आणि त्या चित्राचा विषय बौद्ध कथेतला असल्याचे अभ्यासक सांगतात. तरी त्याच लेण्याच्या छतावर टोपी आणि लांब अंगरखा घातलेले, मद्यपान करणारे परदेशी पुरुष आहेत, आणि त्यांचा वेष सासानी जगाकडे बोट दाखवतो. अजिंठ्याला गेलात तर त्या छताकडे मान वर करून जरूर पाहा.

महाराष्ट्रात या राजांची आणखी काही खूण आहे का?

दोन आहेत. हूणांनी सासानी राजा पीरोझची चांदीची नाणी हिंदुस्थानात आणली, त्यांच्या नकला होत गेल्या आणि शेवटी राजाचा चेहरा व अग्निवेदी ओळखू येईनासे झालेले गधैया नाणे तयार झाले. गुजरात, राजस्थान, माळवा आणि महाराष्ट्राच्या काही भागांत ते सापडते. दुसरी खूण जिवंत आहे: मुंबईचे पारशी आजही आपले वर्ष शेवटचा सासानी राजा तिसरा यज्दगर्द याच्या ६३२ मधल्या राज्यारोहणापासून मोजतात. तो राजा ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. परंपरा सांगते की अंगावरच्या दागिन्यांच्या लोभाने एका चक्कीवाल्यानेच त्याला मारले.

प्रत्यक्षात काय उरले आहे आणि ते कुठे पाहता येते?

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ऑक्सस खजिना आहे. आमू दर्याच्या काठी १८७० च्या दशकाच्या अखेरीस सापडलेल्या सुमारे १८० वस्तू, त्यात चार घोड्यांचा इवलासा सोन्याचा रथ. तो हखामनी काळचा आहे, पण राजाच्या तिजोरीतला असण्यापेक्षा मंदिरातल्या नवसाच्या वस्तू असण्याची शक्यता जास्त. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सोने, स्फटिक आणि रंगीत काचेचा ‘खुस्रोचा प्याला’ आहे. मध्यभागी कोरलेला राजा नेमका कोणता यावर वाद आहे, पण सासानी राजदरबाराच्या इतक्या जवळची दुसरी वस्तू क्वचितच मिळेल. केर्मानशाहजवळच्या ताक-ए-बोस्तानच्या शिल्पांत मोत्यांनी मढलेली वस्त्रे आणि राजाची रानडुकरांची शिकार पाहिली की शाहनाम्यातली वर्णने एकदम विश्वासार्ह वाटू लागतात. खुस्रो परवीझचे चांदीचे दिरहम तर जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सुमारे चार ग्रॅमचे पातळ नाणे, त्यावर पंखांचा मुकुट घातलेला राजा. त्याच्या मृत्यूनंतर अरब सुभेदारांनीही बराच काळ त्याच्याच छापाची नाणी पाडली.

अशी नाणी ऑनलाइन विकायला येतात. कुठून निघाली याचा कागद नसेल तर घेऊ नका. उकरून काढलेल्या नाण्याबरोबर ते कोणत्या थरात आणि कशासोबत पडले होते ही माहिती नष्ट होते, आणि ती परत मिळत नाही.

पर्सेपोलिसमध्ये सिकंदराच्या लोकांनी कोठार रिकामे केले, पण पाया खणला नाही. १९३३ मध्ये अपदाना दरबाराच्या दोन कोपऱ्यांखाली दगडी पेट्या निघाल्या. प्रत्येकीत एक सोन्याचा आणि एक चांदीचा चौरस पत्रा होता, त्यावर तीन भाषांत दरायसचा लेख: माझे राज्य सोग्दियानाच्या पलीकडच्या शकांपासून कुशपर्यंत, आणि हिंदपासून सार्डिसपर्यंत. पेट्यांखाली लिडियाची सोन्याची नाणी ठेवलेली होती. तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयाची ओळख असलेल्या वस्तूंत हे पत्रे येतात.